स्प्रिंगच्या केबल रीलवर जाड केबल चढवली, आता शेवटचे तीन मीटर परत गुंडाळले जात नाहीत

पाळी_दोन

नमस्कार मंडळी. हॉइस्टच्या (माल उचलायच्या यंत्राच्या) ट्रॉलीला सप्लाय देणारी, केबल आपोआप गुंडाळून घेणारी स्प्रिंगची केबल रील आहे. जुनी केबल चिरली होती म्हणून गेल्या आठवड्यात बदलली. जुनी १६ मिमी व्यासाची होती. स्टोअरमध्ये २० मिमीची पडून होती, तीच चढवली. दोन्हींत कोअर (आतल्या वायरी) चार आणि तांबं ४ चौरस मिमी, नव्या केबलचं रबर मात्र जाड आहे. लांबी १५ मीटर, ट्रॉलीचा प्रवास १३ मीटर. ड्रमचा गाभा २५० मिमी, फ्लँजमधलं (ड्रमच्या दोन बाजूंच्या चकत्यांमधलं) अंतर ८० मिमी, फ्लँजचा व्यास ४३० मिमी. नेमप्लेटवर स्प्रिंगचे एकूण फेरे १८ आणि प्रीटेन्शन (केबल पूर्ण आत असतानाही स्प्रिंगमध्ये भरून ठेवलेला पीळ) ३ फेरे लिहिलंय, तेवढंच दिलंय.

ट्रॉली लांब जाते तेव्हा सगळं ठीक चालतं. रीलजवळ परत आली की शेवटची तीनेक मीटर केबल लोंबकळत राहते आणि खालून फोर्कलिफ्ट जाते. प्रीटेन्शन आणखी चार फेरे वाढवू का?

गिअरबॉक्स

आमच्याकडे असंच झालं होतं. दोन-चार फेरे जास्त दिले की केबल खेचली जाते. स्प्रिंग सैल पडली असेल.

जुना वायरमन

पाळी_दोन, चार फेरे देऊ नका. आधी हिशोब बघा.

८० मिमी रुंदीत १६ मिमीच्या केबलचे एका थरात ५ वेढे बसतात, २० मिमीच्या केबलचे ४. तुमच्या मापांवरून वेढे मोजले. १३ मीटर बाहेर गेल्यावर जुन्या केबलला ड्रम साधारण साडेतेरा फेरे फिरत होता, नव्या केबलला सव्वाबारा फिरतो. त्यात प्रीटेन्शनचे ३ मिळवा. जुन्या केबलला साडेसोळा होतात, नव्या केबलला सव्वापंधरा. आता त्यावर आणखी चार चढवले तर सव्वाएकोणीस. स्प्रिंग आहे अठराची. म्हणजे ट्रॉली टोकाला पोचायच्या आधीच स्प्रिंग पूर्ण आवळलेली असेल. मोटर काही थांबणार नाही. मग केबल ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोंडातून) उपटेल, नाहीतर स्प्रिंग आतल्या हुकापाशी तुटेल.

तीन मीटरच का अडतात? केबल जवळजवळ सगळी आत आली की स्प्रिंगमध्ये प्रीटेन्शनच्या फेऱ्यांएवढाच जोर उरतो. नेमका त्याच वेळी ड्रमवरचा गोळा सर्वांत मोठा असतो, म्हणजे तोच जोर लांबच्या त्रिज्येवर लागतो आणि ओढ आणखी कमी पडते. जुन्या केबलला हे जमत होतं. नवी मीटरमागे जवळपास दीडपट वजनाची आहे, (२०÷१६) चा वर्ग करा म्हणजे दिसेल. स्प्रिंग सैल पडलेली नाही, ओझं वाढलंय. तुमच्या रीलवर फार तर एक फेरा वाढवता येईल आणि तेवढ्याने तीन मीटर वर येतील असं मला वाटत नाही.

आणखी एक. २० मिमीचे चार थर म्हणजे बाहेरचा व्यास ४१० मिमी. फ्लँज ४३०. प्रत्येक बाजूला फक्त १० मिमी उरतात. एक वेढा वाकडा बसला की केबल फ्लँजवरून उतरून शाफ्टला गुंडाळते.

माझं मत विचाराल तर १६ मिमीचीच लवचीक रबर केबल मागवा. तोवर ट्रॉलीखालून फोर्कलिफ्ट बंद ठेवा. हे आजच करा, केबल येईपर्यंत थांबू नका.

पाळी_दोन

काका, हिशोब पटला. केबल मागवतोय. पण गेल्या वेळी काढताना ड्रम हातातून सुटला होता आणि केबलचं टोक सटकन फिरून हेल्परच्या हेल्मेटला लागलं. यावेळी नीट करायचंय. क्रमाने सांगाल का?

जुना वायरमन

हेल्मेटला लागलं म्हणून निभावलं. नीट सांगतो.

आयसोलेटर (सप्लायचा मुख्य स्विच) बंद, कुलूप, चावी तुमच्या खिशात, टेस्टरने खात्री. रील कितीही छोटी असली तरी माणसं दोन. केबल पूर्ण आत असली तरी स्प्रिंगमध्ये ३ फेरे भरलेलेच असतात, हे विसरलं की अपघात होतो. आधी रॅचेटची खिट्टी (ड्रम फिरू न देणारा अडसर) लावा, ट्रॉलीकडचं टोक सोडवा, बॉल स्टॉपर (टोक रीलमध्ये ओढलं जाऊ न देणारा केबलवरचा गोळा) काढा आणि केबलचं टोक लगेच ड्रमवरच्या केबलला टेपने घट्ट बांधा. मोकळं टोकच चाबकासारखं फिरतं. फ्लँजवर खडूने खूण करा. एकाने ड्रम धरायचा, दुसऱ्याने रॅचेटची खिट्टी सोडायची, आणि हात बदलत एकेक फेरा सोडत जायचं. फेरे मोठ्याने मोजा. तीन सुटून ड्रम ढिला झाला तर जुनं सेटिंग बरोबर होतं. ढिला झाल्यावर उलट दिशेला ढकलू नका, त्याने स्प्रिंगचं आतलं टोक हुकातून निसटतं.

स्प्रिंगचं घर उघडायचं नाही. स्प्रिंग तुटली असेल तर घरासकट बदलायची. मी शिकाऊ असताना झाकणाचे चार बोल्ट काढले आणि पाचवा अर्धा सैल केला, तेवढ्यात निळसर पोलादी पट्टी फटीतून बाहेर आली. आवाज आठवतो, पत्रा फाटल्यासारखा. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत अकरा टाके पडले. साहेबांनी उघड म्हटलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

स्लिप रिंगची (फिरत्या ड्रमला वीज पोचवणाऱ्या कड्यांची) बाजू उघडा. वायर सोडण्याआधी फोटो काढा. नवी केबल बंडलमधून वेटोळी ओढून काढू नका, बंडल लोळवत सोडा आणि जमिनीवर सरळ पसरून तासभर राहू द्या. पीळ आत राहिला तर काही महिन्यांत ती स्क्रूसारखी वळते आणि आतले कोअर तुटतात. ग्लँडने बाहेरचं रबर धरलं पाहिजे, कोअर नाही. अर्थचा कोअर बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर तो सर्वांत शेवटी तुटेल.

सगळी केबल गुंडाळा, टोक पुन्हा बांधा, आणि पूर्ण ड्रम केबल बाहेर जाते त्या दिशेने तीन फेरे फिरवून खिट्टी लावा. टोक गाइड रोलरमधून काढून स्टॉपर बसवा. नंतर एखादा फेरा वाढवायचा झाला तर दीड-दोन मीटर केबल ओढून खिट्टीवर अडकवायची आणि सैल केबलचा एक वेढा हाताने ड्रमवर घालायचा.

शेवटी ट्रॉली हळू टोकापर्यंत न्या. तिथे ड्रमवर दोन वेढे शिल्लक दिसले पाहिजेत, आणि ड्रम हाताने आणखी किमान एक फेरा फिरला पाहिजे. फिरला नाही तर प्रीटेन्शन कमी करा.

जुनी केबल कुठे चिरली होती?

पाळी_दोन

आतल्या थरांत. रबर कडक, बोटाने दाबलं तर तडा जायचा. बाहेरचे थर मऊ होते.

जुना वायरमन

मग ती तापून गेली. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. आयईसी ६०२०४-१ मध्ये (यंत्रांच्या विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकात) ड्रमवरच्या केबलसाठी गुणांक दिलेत: एक थर ०.८५, दोन ०.६५, तीन ०.४५, चार ०.३५. ट्रॉली रीलजवळ उभी राहून तासन् तास लोड घेत असेल तर तुमच्या ४ चौरस मिमीला मोकळ्या केबलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढाच करंट झेपेल. क्लॅम्प मीटर लावून बघा. जास्त निघाला तर केबल बदलूनही हीच गत होईल, मग मोठी रील लागेल.

पाळी_दोन

काल केबल बदलली. ड्रम सोडताना बरोबर तीन फेरे मोजले. नवी १६ मिमीची आता पूर्ण आत येते, टोकाला ड्रम हाताने दीड फेरा फिरतो. करंट गुणांकाच्या आत आहे. चौकशी केली तर मधे एक महिना जोडीचा दुसरा हॉइस्ट याच रीलवर चालवला होता. तो आता वेगळा केला. स्लिप रिंग उघडली तेव्हा अर्थचा एक ब्रश (रिंगला टेकणारा कार्बनचा तुकडा) होल्डरमध्ये अडकलेला सापडला, रिंगला टेकतच नव्हता.

जुना वायरमन

तो ब्रश मोकळा केलात हे फार मोलाचं काम झालं. कार्बनची काळी भुकटी कोरड्या फडक्याने पुसा. रिंगवर डाग असतील तर बारीक काचपेपर वापरा, एमरी नको, तिची भुकटी वीज वाहू शकते. ग्रीस-तेल अजिबात नको. मग एकाला ड्रम हळूहळू पूर्ण फिरवायला सांगा आणि तेवढ्या वेळ ट्रॉलीची बॉडी ते पॅनलचा अर्थबार मीटरने मोजत राहा. स्थिर उभ्या रीलवर अर्थ चांगला दाखवतो आणि फिरताना एखाद्या जागी सुटतो, असं मी दोनदा पाहिलंय. काटा किंवा आकडा कुठे उडी मारतो का, तेवढं कळवा.