नेट न्यूट्रॅलिटीसाठी सरकारी नियम हवेत की स्पर्धा पुरेशी आहे?

प्रश्न
इंटरनेट सेवा पुरवठादारांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, हे नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व मला मान्य आहे. मात्र एखाद्या कंपनीने भेदभाव केला, तर ग्राहक दुसरी कंपनी निवडू शकतो आणि मक्तेदारीच्या गैरवापरासाठी स्पर्धा कायदा आहेच. मग आगाऊ बंधने कशासाठी घालायची?

प्रतिसाद १
कंपनी बदलण्यासाठी आधी भेदभाव लक्षात यायला हवा. एखादी सेवा संथ चालू लागली, की दोष त्या सेवेचाच आहे असे ग्राहकाला वाटते. अमेरिकेत २००७ साली कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटॉरेंट या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या डेटा वाहतुकीत अडथळे आणत असल्याचे तांत्रिक चाचण्यांमुळेच उघड झाले. सामान्य ग्राहकाला ते समजणे जवळपास अशक्य होते. दुसरे असे, की ग्राहकाने एकदा जोडणी घेतली, की त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या एकाच कंपनीच्या ताब्यात जातो, आणि नव्या, लहान सेवेला तिच्याशी घासाघीस करण्याची ताकद नसते. स्पर्धा कायद्याखालचा निकाल लागेपर्यंत अशी सेवा बंदही पडलेली असू शकते.

प्रतिसाद २
सहमत आहे, परंतु नियमांमागे भक्कम कायदेशीर अधिकार नसेल, तर ते टिकत नाहीत. अमेरिकी दूरसंचार नियामकाने कॉमकास्टविरुद्ध काढलेला आदेश २०१० मध्ये न्यायालयाने अधिकाराच्या अभावी रद्द केला. त्यानंतर तिथे २०१५ मध्ये केलेले नेट न्यूट्रॅलिटीचे नियम २०१७ मध्ये मागे घेतले गेले, २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात पडले. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास बंदी घातली, ज्यामुळे फेसबुकची ठरावीक संकेतस्थळे मोफत देणारी ‘फ्री बेसिक्स’ योजना येथे थांबली, आणि २०१८ मध्ये भेदभावास मनाई करणारी तरतूद थेट पुरवठादारांच्या परवान्यातच आली. परवान्याची अट मोडणे कंपनीला परवडत नाही, म्हणून मला हा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो.

प्रश्नकर्ता
वेगाबाबतचा मुद्दा पटला. पण गर्दीच्या वेळी नेटवर्क सांभाळण्यासाठी काही वाहतूक रोखावीच लागते ना?

प्रतिसाद २
लागते, आणि वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाला भारतातील अटींत सूट आहेच. खरी पळवाट तिथेच आहे. सर्व व्हिडिओ सेवांचा वेग सारखाच कमी करणे एक वेळ समजू शकते, पण स्वतःची व्हिडिओ सेवा वगळून इतरांचा वेग कमी करणे हा उघड भेदभाव ठरतो. दोन्हींतला फरक पुरवठादाराच्या नोंदी तपासल्याशिवाय सिद्ध करणे अवघड असते, म्हणून या नोंदी नियामकाला पाहता येतील अशी सक्ती असली पाहिजे.