मदत हवी आहे : करसवलती विरुद्ध योजना, आकडे हवेत (लवकर!)

घाईतली_आई
परवा लेकीची वादविवाद स्पर्धा. विषय : 'धनिकांच्या करसवलतींमुळे कष्टकऱ्यांच्या योजना उपाशी राहतात'. नेटवर सगळं ट्रम्प आणि मेडिकेडच (अमेरिकेतली गरिबांची आरोग्य योजना) येतंय. आपल्याकडचे ठोस आकडे द्या. भाषणं नकोत, ती तिचे बाबा रोज जेवताना देतात.

बिनपाण्याचा_नळ
बाजू कोणती? इयत्ता? केंद्राचे आकडे की राज्याचे?

करकचून
बाजू कुठलीही असो, २० सप्टेंबर २०१९ घ्या. अर्थमंत्री निर्मलाबाई सीतारामन यांनी पणजीत पत्रकार परिषद घेऊन कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला (इतर सवलती सोडणाऱ्यांना), नव्या कारखान्यांना १५. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी. त्या वर्षी अर्थसंकल्पात रोजगार हमीला होते ६० हजार कोटी. पुढे २०२३ मध्ये ५ कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभारही (करावरचा जादा कर) नव्या प्राप्तिकर प्रणालीत ३७ वरून २५ टक्के.

सडेतोड_१
अर्धसत्य. कंपनी कराची वसुली २०१८-१९ मध्ये साडेसहा लाख कोटींच्या वर होती, कोविडमध्ये साडेचारवर आली, २०२२-२३ मध्ये सव्वाआठ. तिजोरी रिकामी कुठे झाली?

करकचून
वाटा बघा हो. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकर दहा लाख कोटींच्या वर आणि कंपनी कर नऊच्या आसपास. कंपन्यांपेक्षा माणसं जास्त भरतायत.

सडेतोड_१
त्या माणसांत डॉक्टर, वकील, बिल्डरही येतात. सगळे बिचारे पगारदार नव्हेत.

मावळतीचा_वारा
आणि लाडकी बहीण? २०२४ मध्ये वर्षाला ४६ हजार कोटी जाहीर केले. याला उपाशी म्हणतात होय?

बिनपाण्याचा_नळ
माझी मावशी अंगणवाडी सेविका. तिच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला आकडा २०१८ मध्ये साडेचार हजार झाला, मग कित्येक वर्षं तिथेच. लाडक्या बहिणींचे फॉर्म मात्र तिच्याच गळ्यात.

गुंतवणूक_गुरू
ताई, लेकीचं सुकन्या समृद्धी उघडलंत का? वय दहाच्या आत हवं.

घाईतली_आई
नववीत आहे ती! बाजू अनुकूल, वेळ चार मिनिटं. इतर पोरांकडे नसेल असा एकच मुद्दा द्या ना कुणीतरी.

तात्या_सांगलीकर
मग रोजगार हमीच घ्या, पण दिल्लीची नव्हे, आपली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी १९६५ मध्ये तासगावजवळ विसापूरला प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७ ला कायदा झाला. पैसा कुठून आणला? १९७५ च्या व्यवसाय करातून. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. शहरातल्या पगारातून गावाकडची मजुरी. मेख पुढेच आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलीय. महिना बारा हजारवाला शिपाई २,५०० भरतो आणि कोटीत पगार घेणारा साहेबही २,५००च. श्रीमंताला सवलत द्यायला दरवेळी घोषणा लागत नाही बाई, जुन्या मर्यादेला हात लावला नाही की झालं.

करकचून
भर : एप्रिल २०२३ पासून बायकांना महिना २५ हजारांपर्यंत माफ आहे. उदाहरणात शिपाई पुरुषच ठेवा, नाहीतर प्रतिपक्ष तिथेच पकडेल.

सडेतोड_१
तात्या, मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागते. राज्य काय करणार?

तात्या_सांगलीकर
१९८८ ला २५० चे २,५०० केलेच की. तेव्हा जमलं, नंतर कुणाला आठवलं नाही.

मावळतीचा_वारा
यावरून आठवलं, सोसायटीच्या वॉचमनचाही हा कर कापायचा असतो का?

घाईतली_आई
तात्या, २,५०० चा मुद्दा घेतला. 'कर वाढवला तर श्रीमंत दुबईला जातील' असं कुणी म्हटलं तर?

सडेतोड_१
जातीलच.

करकचून
मग तिने २०१५ काढावं. तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी संपत्ती कर रद्द केला, कारण वसुली जेमतेम हजार कोटी आणि गोळा करायचा खर्चच फार. पण बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९ हजार कोटींची अपेक्षा धरली. श्रीमंतांकडून जास्त घेताना तेव्हा दुबईची भीती वाटली नव्हती.

तात्या_सांगलीकर
चार मिनिटांत पणजी, विसापूर आणि दुबई? घंटा वाजेल. विसापूरवर थांबा.