शब्दचर्चा : शेपटीला चिमटा असलेला तो किडा

वाळूकाठ : नदीकाठच्या कीटकांवरची शाळेसाठीची पुस्तिका मराठीत करतेय. ‘लॅबिड्युरिडी’ या इअरविगांच्या कुलापाशी गाडी अडली. इअरविग म्हणजे शेपटीला चिमटा असलेला तो लांबुडका तपकिरी किडा. संपादकांनी सरसकट ‘गोम’ केलंय. मला पटत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

आजोळकर : आमच्याकडे गोमच. आजी आम्हाला जमिनीवर झोपू द्यायची नाही, कानात गोम जाईल म्हणून. किडा दाखवला की म्हणायची, ही त्यातलीच!

सहापायी : आजींना नमस्कार, पण गोमेला खंडागणिक पायांची जोडी, याला मोजून सहा पाय. गोम चावली की विष भिनतं, हा फार तर चिमटा काढेल. अंधारी फट आवडते म्हणून दगडाखाली, कुंडीखाली बसतो. कानात घर करायला जात नाही.

खानदेशी_तडका : गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही. सहापायी, तुमच्या किड्याला ही म्हण लागू नाही, म्हणजे तो गोम नाही. सिद्ध झालं :)

पाणिनीप्रेमी : ‘कर्णकीटक’ घ्यावा. शुद्ध आणि नेमका.

सहापायी : शुद्ध असेल, नेमका कसा? फ्रेंच याला ‘कान टोचणारा’ म्हणतात, जर्मन ‘कानातला किडा’. १७५८ मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसनेही युरोपातल्या जातीच्या नावात कान घातलाच, ‘ऑरिक्युलॅरिया’. युरोपभरच्या आज्यांचा गैरसमज संस्कृतात नेला म्हणून खरा होतो का?

आजोळकर : मी वाचलंय की मूळ शब्द ‘इअर-विंग’ होता. उघडलेला पंख कानासारखा दिसतो.

सहापायी : दिसतो खरा, पण जुन्या इंग्रजीतला शब्दच ‘कान’ अधिक ‘किडा’ असा आहे. पंखाची खरी गंमत घडीत आहे. पुढचे पंख म्हणजे चामड्यासारखे आखूड तुकडे, म्हणून गणाचं, म्हणजे कुलाच्या वरच्या गटाचं, नाव ‘डर्माप्टेरा’, चर्मपंखी. त्यांच्याखाली मागचा पंख पंख्यासारखा मिटलेला असतो, उघडला की दहापटीहून मोठा.

खानदेशी_तडका : घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यालाही गोम म्हणतात, ती अशुभ. ‘यात एक गोम आहे’ तिथूनच आलं असणार.

वाळूकाठ : दादा, घोडा नंतर! माझ्या कुलाचं नाव ग्रीक आहे, ‘लॅबिस’ म्हणजे चिमटा, ‘ओउरा’ म्हणजे शेपूट. यातली लॅबिड्युरा रिपॅरिया भारतातही आहे. रिपॅरिया म्हणजे काठावरची. मादी वाळूत बीळ करते, अंडी चाटून साफ ठेवते, राखण करते. नराचा चिमटा लांब, आतून दात असलेला. मला ‘सांडशी-शेपट्या’ सुचतंय.

पाणिनीप्रेमी : ताई, सांडशी स्वयंपाकघरात ठीक. ‘संदंशपुच्छ’ म्हणा. सांडशी संदंशावरूनच आली.

आजोळकर : आमच्याकडे पक्कड म्हणतात. सांडशी म्हटलं तर मुलं हसतील.

सहापायी : मुलं ‘संदंशपुच्छ’ला हसणार नाहीत, घाबरतील.

खानदेशी_तडका : सेंट हेलेना बेटावरचा तो राक्षसी इअरविग याच कुलातला ना? आठ सेंटिमीटरचा. १९६७ नंतर जिवंत दिसला नाही, २०१४ मध्ये ती प्रजाती नामशेष जाहीर झाली.

पाणिनीप्रेमी : प्रजाती नव्हे, जाती! कुल, त्याखाली प्रजाती, त्याखाली जाती हा क्रम. लॅबिड्युरा ही प्रजाती, ती नामशेष झालेली नाही. वर ताईंनी वाळूत अंडी घालणारी सांगितली ती कोण मग?

खानदेशी_तडका : सगळी वर्तमानपत्रं प्रजातीच छापतात.

पाणिनीप्रेमी : वर्तमानपत्रं काय वाटेल ते छापतात.

आजोळकर : वर्गात ‘तुझी जाती कोणती’ असं किड्याला विचारून बघा. मी शिकवतो, मुलं वेगळंच ऐकतात. प्रजाती म्हटलं की वाद नाही.

पाणिनीप्रेमी : मग वरच्या पायरीला काय म्हणाल? वंश? तोही तितकाच वादाचा आहे.

वाळूकाठ : चिमटा, पक्कड की सांडशी, एवढंच सांगा हो. पुस्तिका छापायला द्यायचीय.

आजोळकर : वंश चालेल, पण आधी कुलाचं बघा. मुलांना कुल म्हणजे कुलदैवत.

सहापायी : मग गणही बदला. भाद्रपदात फार गोंधळ होतो.