मुलीचं दुसऱ्या नावाचं अकाउंट, हा खोटेपणा समजायचा का?

आभाची_आई

नमस्कार, इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर समजून घ्या. मुलगी पंधरा वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर तिचं एक अकाउंट आहे, तिच्या खऱ्या नावाने, त्यात मी आहे, मावशी आहे, आत्या, मामेभावंडं सगळे आहेत, आणि तिथे ती कधीतरी एखादा फोटो टाकते, बक्षीस मिळालं, वाढदिवस झाला असलं काहीतरी. आता कळलंय की तिचं दुसरंही एक अकाउंट आहे, भलत्याच नावाने, आणि तिथे ती जवळजवळ रोज लिहिते. तिची चुलत बहीण बोलता बोलता सहज बोलून गेली, तिला वाटलं मला माहीतच असणार.

मी अजून मुलीला काहीही विचारलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे, फोन घ्यायचा आणि बघायचं, या वयात आईबापापासून लपवण्यासारखं असतंच काय. मला फोन हिसकावून घेणं पटत नाही पण गप्प बसणंही जमत नाहीये. तिला लहानपणापासून एकच शिकवलं की चुकलीस तरी चालेल पण खरं सांग, आणि आता ती एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी असं वागतेय असं वाटतं आणि फार लागतं. शिवाय भीती आहेच, त्या दुसऱ्या नावाखाली ती कोणाशी बोलते, तिथे कोण कोण आहे.

हा खोटेपणा समजायचा का? आणि विचारायचं तर कसं विचारायचं म्हणजे ती दार बंद करून घेणार नाही?

केतकी_लिहिते

काकू, मी वीस वर्षांची आहे आणि माझी पण दोन अकाउंट आहेत, माझ्या बहुतेक मैत्रिणींची आहेत, त्यामुळे हे मला आतून माहितीये म्हणून लिहितेय.

मोठ्या, म्हणजे खऱ्या नावाच्या अकाउंटवर काय होतं सांगू का, तिथे तुम्ही लिहिलेलं एकच वाक्य आत्या पण वाचते, क्लासचे सर पण वाचतात, जिच्याशी बोलणं बंद झालंय ती मैत्रीण पण वाचते आणि दहावीनंतर कधीच न भेटलेली मुलंही वाचतात. एरवी आपण यातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलतो ना, आजीशी बोलतो तसं मैत्रिणीशी नाही बोलत, आणि त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. पण इथे सगळे एकदमच ऐकत असतात, मग माणूस काय टाकणार, बक्षीस आणि वाढदिवस. म्हणजे तुम्हाला जे खऱ्या नावाचं अकाउंट वाटतंय ना तिथेच ती सगळ्यात जास्त जपून, सगळ्यात कमी स्वतःसारखी वागत असेल. छोट्या अकाउंटवर ठरावीक मैत्रिणी असतात आणि तिथे पेपर वाईट गेला, आज खूप रडू आलं, हा फोटो किती भयंकर आलाय, असलं सगळं येतं.

आणखी एक गोष्ट आहे जी लोक पटकन बोलत नाहीत. काही मुलामुलींना स्वतःबद्दलच प्रश्न असतात, आपल्याला कोण आवडतं, आपण नक्की कोण आहोत, आणि ते घरी विचारायची हिंमत नसते. दुसऱ्या नावाने त्यांना निदान विचारता येतं. माझ्या ओळखीतल्या एकाचं अकाउंट भावाला सापडलं आणि त्याने ते घरी सगळ्यांना दाखवलं, त्यानंतर त्या मुलाने जे सहन केलंय ते मी इथे लिहू शकत नाही. तुमच्या मुलीचं असंच काही आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण फोन उघडून वाचण्याआधी हे डोक्यात असू द्या. शिवाय वाचलंत तर ती तिसरं अकाउंट काढेल, आणि ते मग चुलत बहिणीलाही माहीत नसेल.

सडेतोड

केतकीशी मी सहमत नाही. दुसऱ्या नावाची सवय लागली की माणूस काहीही बोलायला मोकळा होतो. भाची शिकते तिथल्या मुलांनी एक निनावी पेज काढलं होतं, 'मनातलं सांगा' म्हणून, आणि महिन्याभरात ते मुलींच्या दिसण्यावर आणि चारित्र्यावर घाण लिहिण्याचं ठिकाण झालं. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि एका मुलीने शाळेत जाणं सोडलं. स्वतःचं नाव खाली असतं तर यातलं एकही वाक्य कोणी लिहिलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की खरं नाव आणि ओळखपत्र दिल्याशिवाय कुणाला अकाउंटच मिळू नये, मोठ्यांनाही नाही.

नीरज_द

सडेतोड, तुमच्या भाचीच्या शाळेत झालं ते भयानक आहे आणि राग येणं बरोबरच आहे. पण तुम्ही सुचवताय तो उपाय एका देशाने करून पाहिलाय. दक्षिण कोरियात २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर कमेंट करायची तर आधी खरी ओळख पटवणं सक्तीचं होतं. त्यामुळे झालं काय की साइटवाल्यांकडे लोकांच्या ओळखीच्या माहितीचा ढीग साठला. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि साधारण साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. आणि खऱ्या नावाने, स्वतःच्या मुलाबाळांच्या फोटोखाली लोक किती विषारी लिहितात हे आपण सगळे रोज बघतोच.

ताई, मी या क्षेत्रात काम करतो म्हणून जरा वेगळ्या बाजूने सांगतो. नाव सोडा, तुम्ही आधी जन्मसाल बघा. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दल कायदा झाला, २००० पासून लागू झाला, त्यात तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायला मनाई आहे. कंपन्यांनी परवानगीच्या भानगडीत न पडता तेराच्या आतल्यांना प्रवेशच नाही असं करून टाकलं, आणि तो आकडा जगभर पसरला. मग दहा-अकरा वर्षांची मुलं काय करतात, जन्मतारखेची चाकं फिरवून कुठलंही जुनं साल टाकतात, बऱ्याचदा घरातलंच कोणीतरी मोठं माणूस टाकून देतं. तेव्हा ते कुणालाच गंभीर वाटत नाही. पण अकराव्या वर्षी पंधरा सांगितलं असेल तर चौदाव्या वर्षी ती मुलगी कंपनीच्या हिशोबात अठराची झाली, म्हणजे मोठी बाई! इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये अठराखालच्यांसाठी वेगळी अकाउंट जाहीर केली, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस सरळ मेसेज करू शकत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलांना या गोष्टी सैल करायला पालकांची परवानगी लागते. साल खोटं असेल तर यातलं काहीही तिला लागू होईलच असं नाही. सगळ्या प्रकरणात मला काळजीचं खोटं दिसतं ते हे.

दुसरं, तिला वाटतंय की नाव बदललं म्हणजे आपण लपलो, तर तसं नसतं हेही तिला कुणीतरी सांगायला हवं. अकाउंटला तोच मोबाइल नंबर दिला असेल तर ज्यांच्या फोनमध्ये तिचा नंबर सेव्ह आहे त्यांना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून ते अकाउंट सुचवलं जाऊ शकतं. फोटोत युनिफॉर्म, शाळेचा बिल्ला, खिडकीतून दिसणारी पाटी असेल तर नाव काय कामाचं. फोटोच्या फाइलमध्ये कधी आणि कुठे काढला ते लिहिलेलं असू शकतं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो.

आणि प्रायव्हेट म्हणजे आत असलेल्या प्रत्येकावर सोडलेलं. २०१७ मध्ये हार्वर्डने प्रवेश दिलेल्या निदान दहा मुलांचे प्रवेश काढून घेतले होते, कारण त्यांच्या खाजगी फेसबुक ग्रुपमधले घाणेरडे मीम बाहेर आले. त्या मुलांनी टाकलेल्या मजकुराची मी अजिबात बाजू घेत नाही, सांगायचं एवढंच की ग्रुप बंद होता तरी बाहेर आलं. आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचंही तेच, स्नॅपचॅट स्क्रीनशॉट काढल्याचं कळवतं खरं, पण समोरच्याने दुसऱ्या फोनने फोटो काढला तर कळणार कसं.

आभाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नीरज, जन्मसालाचं वाचून धस्स झालं. मोठं अकाउंट तिच्या मामेभावाने काढून दिलं होतं, ती तेव्हा अकरा वर्षांची होती, त्याने कुठलं साल टाकलं देव जाणे. आता दुरुस्त करता येतं का? आणि केतकी, तू लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, फोन घ्यायचा विषय सध्या तरी मागे पडलाय. पण विचारायचं कसं हे अजूनही कळत नाही. एका मैत्रिणीने सुचवलं की आपणच एखाद्या मुलीच्या नावाने अकाउंट काढायचं आणि तिला रिक्वेस्ट पाठवायची.

वर्गशिक्षिका_म

ताई, ते मैत्रिणीचं ऐकू नका, हात जोडून सांगते. तुमच्या मुलीने जे केलं नाही ते तुम्ही कराल. नववी-दहावीच्या मुलांमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि मी हा फरक मुलांनाही सांगत असते, की एखादी गोष्ट न सांगणं वेगळं आणि समोरच्याला फसवून त्याच्याकडून काही काढून घेणं वेगळं. माझ्या वर्गात एका मुलीने मुलाचं अकाउंट काढून दुसरीशी कित्येक दिवस गोड गोड गप्पा मारल्या होत्या, तिने मन मोकळं केलं, घरातली भांडणं सांगितली, आणि एक दिवस ते सगळं वर्गात वाचून दाखवलं गेलं. ती मुलगी नंतर कुणाशीच मनातलं बोलेना. तिथे नाव खोटं होतं यापेक्षा तिचा विश्वास खोट्यावर घेतला गेला हे वाईट होतं. तुमच्या मुलीच्या मैत्रिणींना तर ती कोण आहे ते पक्कं माहितीये, मग फसवलं कुणाला?

तुम्हाला लागलंय ते मी समजू शकते, एक आई म्हणूनही. पण डायरी कपाटात ठेवणाऱ्या मुलीला आपण खोटारडी म्हणत नव्हतो.

विचारताना सरळ सांगा की मला कळलंय, घरातल्याच कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं, मी ते उघडून बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. कुणाकडून कळलं ते विचारलं तर सांगू नका पण मला आपोआप दिसलं असली थाप मारू नका, मुलांना ते लगेच कळतं. मग "तू काय लिहितेस" हे विचारूच नका. "आत कोण कोण आहे, त्यातल्या सगळ्यांना तू प्रत्यक्ष भेटलीयेस का" एवढंच विचारा. ज्याला ती कधीच भेटलेली नाही असा कोणी असेल तर त्याच्याबद्दल निवांत बोला, तो फोटो मागतो का, हे कुणाला सांगू नकोस म्हणतो का, दुसऱ्या ॲपवर ये म्हणतो का. यातलं काही असेल तर ते गंभीर आहे, तेव्हा मात्र हस्तक्षेप करायचाच, आणि तिला आधी सांगून करायचा.

अजून एक, हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं. अठराखालच्या मुलाचा नको तसा फोटो बाहेर गेला किंवा जाण्याची धमकी आली तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेली. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा पुढे जातो, मग सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. नावही द्यावं लागत नाही. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, वेळ आल्यावर नाही. मुलं अशा वेळी धमकीपेक्षा घरच्यांच्या प्रतिक्रियेला जास्त घाबरतात आणि त्यात फार उशीर होतो.

नीरज_द

वर्गशिक्षिकांशी पूर्ण सहमत. जन्मतारीख सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते, ती पंधरा पूर्ण आहे त्यामुळे खरं वय टाकल्यावर अकाउंट जाईल ही भीती नको. फक्त तिला आधी समजावून मग तिच्याच हाताने बदलायला लावा, कारण वय कमी झालं की काही गोष्टी बंद होतील आणि तिला वाटेल आईने शिक्षा केली.

आभाची_आई

काल बोलले. सुरुवातीला तिचा चेहरा पडला, मग विचारलं की वाचलंस का, मी नाही म्हटल्यावर जरा सैल झाली. पोस्ट दाखवल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत, पण फॉलोअर्सची यादी स्वतःहून दाखवली. एक सोडून सगळ्या शाळेतल्या आणि क्लासमधल्या. तो एक जण चित्रांच्या कुठल्या तरी ग्रुपमधला आहे, त्याला तिने काढलं नाही पण फोटो मागितला तर मला सांगीन म्हणाली, मी त्यावर अजून विचार करतेय. मोठ्या अकाउंटवर ती एकोणीस वर्षांची निघाली, ते तिने तिथेच बदललं.

आणि तिने मलाही एक विचारलं, की माझे लहानपणीचे सगळे फोटो तू फेसबुकवर टाकलेस, आंघोळीचे पण, ते सगळ्यांना दिसतात, ते मला विचारून टाकले होतेस का. मी आज बसून ते काढतेय, बरेच आहेत. नीरज, दुसऱ्या अकाउंटवरचा नंबर काढून ती ईमेल टाकते म्हणते, चालेल ना?

नीरज_द

चालेल, फक्त त्या ईमेलमध्ये तिचं नाव आणि जन्मसाल नको, आणि पासवर्ड मोठ्या अकाउंटचा नको. फोनच्या सेटिंगमधून ॲपला दिलेली कॉन्टॅक्ट्सची परवानगी काढा आणि ॲपच्या आतलं कॉन्टॅक्ट अपलोडही बंद करा, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतं. तुम्ही काढताय त्या फोटोंमध्ये नातेवाइकांनी शेअर केलेले वेगळे असतील, ते त्यांनाच सांगून काढायला लावावे लागतील. तो चित्रांच्या ग्रुपमधला मुलगा कोण आहे त्याचं पुढे काय झालं ते इथे नक्की कळवा.