मुलगी सांगलीला हॉस्टेलवर, हातखर्चाला किती आणि कसे द्यावेत? सल्ला हवाय

नौपाडाकर
मंडळी, मुलगी यंदा इंजिनिअरिंगला ठाण्याहून सांगलीला गेली, हॉस्टेलवर आहे. कॉलेज आणि हॉस्टेलची फी वर्षाची एकदम भरली, मेस वेगळी, तिचे महिन्याला ३४०० होतात. बाकीच्या खर्चाला ५००० धरून आम्ही एक तारखेला ८४०० तिच्या खात्यात टाकतो. पहिला महिना नीट गेला, दुसऱ्या महिन्यात अठरा-एकोणीस तारखेलाच "आई थोडे टाक ना" सुरू. मिस्टरांचं म्हणणं रोजचा हिशोब वहीत लिहून फोटो पाठवायला सांग, आमच्या वेळी आम्ही अमुक रुपयांत महिना काढायचो वगैरे, ते तुम्हाला माहितीच आहे सगळं. मला हिशोब मागणं पटत नाही, पण मागितले की टाकले असंही नको वाटतं, धाकटा दहावीला आहे, त्याच्या क्लासची फी डोक्यावर आहे. तर ५००० कमी आहेत का? तुम्ही किती देता, एकदम की थोडे थोडे? मुलगी उधळी नाहीये हे आधीच सांगते, रिक्षाचे उरलेले दहा रुपये पण परत आणून द्यायची.

सानपाडाबाबा
आकडा नंतर. आधी सांगा त्या पाच हजारांत काय काय धरलंय? मोबाईल रिचार्ज, घरी यायचं तिकीट, साबण-शाम्पू, झेरॉक्स, जर्नल, हे सगळं त्यातच का?

नौपाडाकर
हो सगळंच. तिकीट पण. मधे एकदा शनिवार-रविवार घरी येऊन गेली, प्रायव्हेट बसने.

सानपाडाबाबा
मग झालं, गळती सापडली तुमची. घरी येणं-जाणं हा हातखर्च नाहीच, तो तुमचा खर्च आहे, तिला बघावंसं तुम्हाला पण वाटतं ना. माझा मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर (एका खोलीत चौघं-पाच जण, प्रत्येकाने आपल्या कॉटपुरतं भाडं द्यायचं) राहतो, तिसरं वर्ष, आमच्याकडे पहिल्यापासून सरळ दोन भाग केलेत. जे ठरलेलं आहे ते आम्ही परस्पर भरतो, म्हणजे खोलीभाडं मालकाला, मेसचे मेसवाल्या काकांना यूपीआयने, रिचार्ज इथूनच (आणि रिचार्ज २८ दिवसांचा असतो, वर्षात बाराऐवजी तेरा वेळा मारावा लागतो, महिन्याच्या हिशोबात बसवलं की कुठल्यातरी महिन्यात दोनदा येतं आणि पोरगं शिव्या खातं). उरले ते सुटे पैसे, ते त्याचे, त्यात काय खाल्लं काय प्यायलं आम्ही विचारत नाही.

सुटे आम्ही आठवड्याला देतो आणि सोमवारी देतो. शुक्रवारी-शनिवारी टाकले की वीकेंडला संपणार आणि मग बुधवारी फोन. सोमवारी टाकले की रविवारची सोय त्यालाच राखून ठेवावी लागते, कारण बहुतेक मेस रविवारी दुपारी फिस्ट देतात आणि रात्री बंद असतात, रविवार रात्रीचं जेवण बाहेरच. हे पालकांच्या लक्षात येत नाही, मेसचे पैसे भरले म्हणजे जेवणाचा प्रश्न मिटला असं वाटतं. महिन्यातल्या चार रविवार रात्री बाहेर म्हणजे साध्या थाळीत पण सहाशे-आठशे गेले.

घोडबंदर_ट्रॅफिक
आठवड्याला पैसे हे मला अजिबात मान्य नाही. अठरा वर्षांचं मूल, मतदान करू शकतं आणि त्याला दर सोमवारी रेशन? आमचा नागपूरला आहे. आम्ही तीन महिन्यांचे एकदम देतो आणि मधे काही झालं तरी टाकत नाही, फक्त आजारपण सोडून. पहिल्या वेळी अडीच महिन्यात संपवले, शेवटचे पंधरा दिवस मेस आणि रूमवर, बाहेर काही नाही. दुसऱ्या खेपेला उरवले! हिशोब शिकायचा तर पैसे हातात असायला लागतात, दरवेळी आई-बाप नळ उघडझाप करत बसले तर शिकणार कधी.

सानपाडाबाबा
दादा तुमचा मुलगा अडीच महिन्यांनी कोरडा झाला तेव्हा त्याच्याकडे मेस होती. कॉट बेसिसवाल्याकडे मेसचे पैसे पण त्याच रकमेत असते तर उपाशी बसला असता किंवा मित्राकडून उसने घेतले असते. शिकणं वगैरे ठीक आहे पण पहिल्या सेमिस्टरला नको. आम्ही पण आता तिसऱ्या वर्षात महिन्यावर आणलंय.

घोडबंदर_ट्रॅफिक
हां, मेस वेगळी ठेवून असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण नौपाडाकर ताई, वहीत लिहून फोटो मात्र मागू नका, मुलं खोटं लिहायला शिकतात. सगळं "झेरॉक्स" म्हणून दाखवतात. आम्ही पण तेच करायचो.

खारघरचा_पाहुणा
मी इथला नाही, सातारचा, खारघरला शिकतो आणि पीजीत राहतो, म्हणजे तुमच्या मुलीच्या बाजूचा. काकू, पाच हजार कमी नाहीत पण पहिल्या सेमिस्टरला पुरत नाहीत, दोन्ही एकदम खरं आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदाच होणारे खर्च खूप असतात आणि ते घरी कोणी धरलेलेच नसतात. ड्राफ्टर (ड्रॉइंगला लागतो तो), ॲप्रन, वर्कशॉपचे बूट, बादली, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, गादीवरची चादर, डिपार्टमेंटचा टीशर्ट, कुठल्यातरी क्लबची मेंबरशिप, मग फ्रेशर्स पार्टी. प्रत्येक गोष्ट दोनशे-पाचशेची असते म्हणून वेगळी मागायला लाज वाटते आणि सगळं हातखर्चातून जातं. तिला एवढंच विचारा की यातलं एकदाचं काय होतं. ते बाजूला काढा, मग खरा महिना दिसेल.

दुसरं, पैसे कँटीनमध्ये संपत नाहीत, ग्रुपमध्ये संपतात. चहा-नाश्ता रोजचा साठ-सत्तर, महिन्याचे दोन हजार, हे बरोबर लक्षात राहतं. पण रूममेटचा बर्थडे, केक, मग गिफ्टचं काँट्रिब्युशन, मग ज्याचा बर्थडे तो पार्टी देणार आणि आपला आला की आपण द्यायची. याला नाही म्हणणं फार अवघड जातं हो पहिल्या वर्षी. आमच्या फ्लोअरवर आता टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ठरलंय, बर्थडेला पण, आणि केकचं सगळ्यांचं मिळून डोकी पन्नास. पण ते ठरायला दुसरं वर्ष उजाडलं. तिला आधीच सांगा की घरून रक्कम ठरलेली आहे असं बिनधास्त सांगत जा, आईबाबांच्या नावावर खपवायला सोपं जातं. माझे बाबा माझ्या मित्रांमध्ये फार कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, प्रत्यक्षात देवमाणूस.

आणि स्विगी-झोमॅटो वाईट वाईट म्हणतात पण खरं कारण मेसची भाजी असते. पडवळ असलं की आमच्या अख्ख्या मजल्यावर ऑर्डरी. तिच्या खोलीत किटली चालत असेल तर घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी, उपम्याचं भाजलेलं पीठ, दशम्या असं पाठवत जा, महिन्याला हजार नक्की वाचतात. तूप पाठवू नका, तूप पहिल्या दिवशी रूममेट संपवतात.

ऐरोली_मावशी
पडवळाला नावं ठेवू नका रे 😄

नौपाडाकर, प्रायव्हेट बसने का येते मुलगी? एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना, राज्यातल्या राज्यात. माझी भाची कोल्हापूरहून तशीच येते. रेल्वेने यायचं असेल तर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या गावाहून घरी जायला स्लीपरला निम्मी सवलत आहे, कॉलेजच्या ऑफिसमधून फॉर्म सही-शिक्का घेऊन आणायचा आणि खिडकीवर जाऊन तिकीट काढायचं. ऑनलाईन होत नाही म्हणून मुलं कंटाळा करतात. महालक्ष्मी सांगलीला थांबते, पहाटे कल्याणला उतरायचं आणि लोकलने ठाणे. फॉर्मला कॉलेजात वेळ लागतो, दिवाळीचा आत्ताच मागायला सांगा. आणि दिवाळीत प्रायव्हेटवाले वाटेल ते सांगतात, पण एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीवर भाडं घ्यायला त्यांना परवानगी नाही, हे माहीत असू द्या. कोण ऐकतंय ते वेगळं.

अजून एक, तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असाल, प्रवेश कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) झाला असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेस त्यात नाही. केलं असेलच तुम्ही, तरी सांगते.

पासबुक_अपडेट
बँकेत आहे म्हणून दोन शब्द, कुठल्या ते विचारू नका. मावशींनी फी माफीचं सांगितलं ते महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं, त्याचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, तर मुलीचं आधार नक्की कोणत्या खात्याला सीडेड (जोडलेलं) आहे ते बघून घ्या, बऱ्याच मुलांचं शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला असतं जे आता कोणी वापरत नाही. लहानपणीचं मायनर खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि तिची सही द्यावी लागते, नाहीतर ऐन वेळी अडकतं.

हिशोब न मागता अंदाज हवा असेल तर यूपीआय सर्कल बघा. २०२४ मध्ये आलंय, भीम ॲपमध्ये आहे. तुमच्या खात्यावर मुलीला जोडायचं, ती तिच्या फोनवरून पैसे देते, जातात तुमच्या खात्यातून. महिन्याची मर्यादा तुम्ही घालायची, जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००. त्यात दुसरा प्रकार आहे, प्रत्येक पेमेंटला तुम्ही मंजुरी द्यायची, तो घेऊ नका, तुम्ही लोकलमध्ये पारसिकच्या बोगद्यात, नेटवर्क नाही, आणि मुलगी टपरीवर चहाचे पैसे अडकून उभी. पण खरं सांगू का, सर्कलमध्ये तिचा प्रत्येक वडापाव तुमच्या फोनवर दिसणार, आणि दिसलं की मिस्टर विचारणार. त्यापेक्षा औषधं, पुस्तकं, अडीअडचण एवढ्यालाच सर्कल ठेवा आणि रोजच्या सुट्याला तिचं स्वतःचं खातं. त्या खात्यावर यूपीआय लाईट चालू करायला सांगा, त्यात एका वेळी ५,००० पर्यंतच ठेवता येतात, हजारापर्यंत पिन लागत नाही. आठवड्याचे पैसे लाईटमध्ये टाकले की शिल्लक समोर दिसत राहते आणि संपली की संपली हे कळतं. पासबुकात चहाच्या चाळीस एंट्र्या पण येत नाहीत.

आता जे मुलांना कोणी सांगत नाही ते. हॉस्टेलच्या मुलांना गाठून "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" असं विचारणारे फिरतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवतात आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. खातं गोठतं, मुलाला चौकशीला जावं लागतं, आणि मूल शपथेवर सांगतं मला माहीत नव्हतं, खरंच नसतं. पैसे कमी पडणारी मुलंच यात सापडतात. तसंच झटपट कर्जाची ॲप, तीन हजार घेतले की फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे. म्हणून तिला एवढं नक्की सांगून ठेवा की कमी पडले तर आधी घरी फोन, ओरडा बसणार नाही. काही गडबड झालीच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात.

घोडबंदर_ट्रॅफिक
हे खातं भाड्याने द्यायचं मला माहीतच नव्हतं. आत्ता लगेच फोन करतो पोराला.

नौपाडाकर
सगळ्यांचे खूप आभार. रात्री मुलीला फोन लावला, पाहुणा म्हणतो तसं फक्त एकदाचे खर्च विचारले, तर ड्राफ्टर, ॲप्रन, टीशर्ट आणि दोन बर्थडे मिळून २३०० निघाले, वर बसचं तिकीट. म्हणजे मुलीने काहीच उधळलं नव्हतं. मिस्टरांनी शेजारी बसून ऐकलं, काही बोलले नाहीत, मग म्हणाले ड्राफ्टर माझा माळ्यावर होता की. आता तो तीस वर्षांपूर्वीचा ड्राफ्टर शोधायचा कार्यक्रम आहे रविवारी.

ठरलंय ते असं. मेसचे आम्ही परस्पर देणार, रिचार्ज आणि तिकीट आमच्याकडे, आणि तिला सोमवारी हजार. दिवाळीनंतर महिन्यावर आणू. सेमिस्टरच्या सुरुवातीला वेगळे दोन हजार एकदाच्या खर्चाला. सर्कल औषधपाण्यापुरतं. फी माफीत आम्ही बसत नाही मावशी, पण रेल्वेचा फॉर्म मागायला सांगितलाय.

एक राहिलंच. मेसवाल्यांना आम्ही परस्पर पूर्ण महिन्याचे दिले तर ती घरी आली त्या दिवसांच्या खाड्यांचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या पैशांचं काय? ते कापून कसे द्यायचे, आम्हाला इथे बसून काय कळणार?

खारघरचा_पाहुणा
काकू आधी मेसचा नियम विचारा. आमच्याकडे सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत आणि आदल्या रात्री वहीत लिहावं लागतं, नंतर सांगून चालत नाही. तुम्ही महिन्याचे पूर्ण पाठवत जा आणि खाड्याचे जे परत मिळतील ते तिलाच ठेवू द्या. मग बघा, एक पण खाडा लिहायचा राहणार नाही.