'मी तिएरा' नकली कसा?

रानजाई:
काल इथे लिहिलं गेलं की क्युबात जन्मलेल्या गायिका ग्लोरिया एस्तेफानचा 'मी तिएरा' ('माझी भूमी', १९९३) हा अल्बम म्हणजे अमेरिकेत, मायामीत बसून रंगवलेला क्युबा. लहानपणीच हवाना सोडलेल्या बाईने कसला वारसा सांगायचा? वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, बासवर काचाओ आहे! भावाबरोबर दान्सोन या जुन्या क्युबन नृत्यसंगीतातून माम्बो घडवणारा माणूस. शिवाय सान्दोवालचा ट्रम्पेट, टिटो पुएन्तेचे टिम्बालेस (जोडढोल). इंग्रजी गाण्यांवर जगभर नाव झालेलं असताना तिने अख्खा अल्बम स्पॅनिशमध्ये केला.

बोंगोवाला:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. वादक थोर आहेत, मान्य. पण अल्बममध्ये लंडन सिम्फनीचा वाद्यवृंद कशाला? सोन हा क्युबाचा लोकसंगीतप्रकार म्हणजे त्रेस (छोटी गिटार), बोंगो (जोडढोल), क्लावे (ताल धरणाऱ्या दोन काठ्या). अस्सल ऐकायचं तर १९९६ साली हवानातच मुद्रित झालेला, क्युबातल्या जुन्या कलाकारांचा 'ब्वेना व्हिस्टा' अल्बम ऐका.

तालवेडा:
व्हायोलिनला नाकं मुरडण्याआधी चारांगा, म्हणजे क्युबाची पारंपरिक वाद्यमंडळी, ऐका. बासरी आणि व्हायोलिन हाच तिचा जीव. माझं जुनं दुखणंही सांगतो: आपल्याकडे नाचाच्या क्लासात सोन, माम्बो, चाचाचा, सगळ्याला सरसकट 'साल्सा' म्हणतात. सरांना क्लावे वाजवून दाखवा म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

बोंगोवाला:
चारांगातली दोन-तीन व्हायोलिन आणि सबंध वाद्यवृंद एकच का? उगाच शिकवू नका.

तालवेडा:
शिकवतोच. काचाओ स्वतः वर्षानुवर्षं हवाना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात बास वाजवत होता. त्यालाही नकली म्हणा मग!

मायामीकर:
वाद्यांचं तुम्ही बघा. 'लहानपणीच सोडलं' हे मात्र मला लागलं. आमच्या शेजारच्या आजी कास्त्रोच्या क्रांतीनंतर हवानाहून आल्या. 'मी तिएरा' हे गाणं लागलं की हातातलं काम टाकून बसतात. नातीने क्युबा पाहिलेला नाही, पण शब्द न् शब्द पाठ. ग्लोरियाचे वडील १९६१च्या बे ऑफ पिग्जमध्ये, कास्त्रोविरुद्धच्या फसलेल्या स्वारीत, पकडले गेले, कैदेत पडले. देश सोडलेल्या क्युबन गायिका सेलिया क्रुझला कास्त्रो सरकारने आईच्या अंत्यसंस्कारालाही जाऊ दिलं नाही. हवानात जाऊन गायची सोय होती कुणाला?

बोंगोवाला:
आणि जे बेटावरच राहिले त्यांचं काय? 'ब्वेना व्हिस्टा'चा गायक इब्राहिम फेरेर त्याआधी बूटपॉलिश करत होता. १९९९मध्ये हवानाचा बँड लोस व्हान व्हान मायामीत आला तेव्हा निर्वासितांनी सभागृहाबाहेर केवढी निदर्शनं केली!

मायामीकर:
ती निदर्शनं मलाही पटली नाहीत. पण त्याचा राग या अल्बमवर का काढता?

बोंगोवाला:
ठीक, अल्बमवरचा राग सोडतो. वाद्यवृंद मात्र नकोच. तालवेडा, चारांगाचं एक नाव द्या, ऐकून भांडतो.

तालवेडा:
ओर्केस्ता आरागोन. सिएन्फुएगोस, १९३९पासून.