मदत हवी आहे: दादासाठी व्यसनमुक्ती केंद्र

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे. दादा बोटीवर खलाशी. पावसाळी मासेमारीबंदीत घरी बसला की सकाळीच दारू सुरू. मागे त्याने एकदम सोडली, तर तिसऱ्या दिवशी आकडी आली. म्हणून २४ तास डॉक्टर असलेलंच केंद्र हवं. रत्नागिरीचं सरकारी मनोरुग्णालय त्यातल्या त्यात जवळ. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासूनचं, पण लांब. दोन्हीकडचा अनुभव कुणाला आहे का? खर्च, घरच्यांची भेट आणि मुख्य म्हणजे घरी परतल्यावरचा पाठपुरावा, खरं काय ते सांगा. एका खासगी केंद्राने तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी विचारताच फोन ठेवला! १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही विचारतेय. आई म्हणते, गणपतीआधी पोर माणसात येऊ दे.